तित्तर आणि सात वार

आपल्याला पंख आहेत ही गोष्ट तित्तराला शेवटच्या क्षणापर्यंत आठवत नाही. त्याचा सगळा भरवसा पायांवर. माणूस दिसला की मान ताठ करून तो चालू लागतो, मग पळतो, या तरवडाखालून त्या तरवडाखाली, तिथून बोरीच्या जाळीत. माणूस तिथंही पोचलाच, तर अगदी पायाखालून फर्रर्र करून असा उठतो की शिकाऱ्याच्याच छातीत धस्स होतं. उडूनही फार लांब जात नाही. थोडं तरंगला, उतरला आणि पुन्हा चालता झाला. त्याला मारायचं तर तेवढ्या दोन श्वासांत बंदूक खांद्याला लागली पाहिजे, नळी पाखराच्या थोडी पुढं गेली पाहिजे आणि घोडा दाबला गेला पाहिजे. सोळाव्या वर्षी यातलं एक जमलं की बाकीची दोन राहतात.

माझं पहिलं तित्तर मी मारलं ते माणदेशात, म्हसवडच्या बाजूला, मामाच्या गावी. कोयनेचा भूकंप डिसेंबर १९६७ मधला, त्यानंतरचाच एक हिवाळा. मी जुन्या मॅट्रिकच्या, म्हणजे अकरावीच्या वर्गात होतो आणि नाताळच्या सुट्टीत ‘अभ्यासाला शांतता पाहिजे’ असं घरी सांगून मामाकडे गेलो होतो. शांतता तिथं भरपूर होती. अभ्यासाची पिशवी तिच्यात जी एकदा ठेवली ती परत निघायच्या दिवशीच उचलली.

माणदेशात पाऊस मुख्यतः सरकारी कागदावर पडतो. प्रत्यक्षात शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, जगेल एवढा पडला तरी लोक नारळ फोडतात. शाळवाची रानं, बांधाला बोरी-बाभळी, आणि रानं संपली की डोळा पुरेल तिथपर्यंत कुसळी गवताचं माळरान, त्याच्या पलीकडं महादेवाच्या शिखर शिंगणापूरचा डोंगर. माणसांनी जिथून पोटासाठी मुंबई गाठायची, तिथं तित्तरांचं उत्तम चाललेलं असतं. खायला गवताचं बी, वाळवी आणि आमचा शाळू, लपायला काटे, रात्री बसायला बाभळी. उजाडायच्या आधी एक नर ‘का-टी-टर, का-टी-टर’ सुरू करायचा, पलीकडच्या बांधावरून दुसरा त्याला उलट बोलायचा आणि पाच मिनिटांत सगळं शिवार भांडणात उतरायचं.

मामाकडे माझ्याकडे काम होतं ते पाखरं राखायचं. शाळू दाण्यात आला की रानात चार खांबांवर माळा उभारतात. त्यावर उभं राहून गोफण फिरवायची, ‘हाऽऽ हो’ असं ओरडायचं आणि चिमण्या-मैनांचे थवे उठवायचे. माझ्या गोफणीची दहशत पाखरांपेक्षा शेजारच्या रानात पाणी धरणाऱ्या माणसांना जास्त होती. त्यांच्यातलाच एकजण संध्याकाळी येऊन मामाला म्हणाला, “पाटील, भाच्याला गोफण नगं, बंदूक द्या. बंदुकीचा आवाज तरी येतो. खाली बसता येईल.”

मामांनी हे मनावर घेतलं.

बंदूक बारा बोअरची, एकनळी. परवाना पीकसंरक्षणाचा. तिनं कुठल्या पिकाचं संरक्षण केलं हे गावात कुणालाच सांगता आलं नसतं, कारण रानडुकरं रात्री यायची आणि मामा रात्री झोपायचे. एरवी ती आजीच्या पेटीमागे जुन्या धोतरात गुंडाळलेली असे. निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा व्हायची, निकाल लागला की परत यायची. तेवढाच तिचा प्रवास. काडतुसं कागदी नळीची. पावसाळ्यात दमट हवेनं फुगली तर बंदुकीत जायची नाहीत, म्हणून मामी ती चुलीवरच्या फळीवर हिंगाच्या डबीशेजारी ठेवायची. चुलीच्या वर दारू ठेवतात का, म्हणून मामा ओरडले की मामी शांतपणे भाकरी उलटत म्हणायची, “उडू द्या की. तुमच्या घरात एक तरी काडतूस उडालं म्हणीन.”

मामा ऐन उमेदीत काही वर्षं पलटणीत होते, बेळगावला. तिथं कुणा साहेबाबरोबर शिकारीला जायचे. म्हणजे साहेब शिकार करायचा आणि मामा पिशवी धरायचे. त्या पिशवीतून त्यांनी गावाकडं तीन नियम आणले. बसल्या पाखरावर बार टाकायचा नाही. पाखरू उडालं तरी आपल्या माणसांच्या अंगावरून नळी फिरवायची नाही. आणि पडलेलं पाखरू सापडल्याशिवाय पुढचा बार नाही. दुसरा नियम सगळ्यांना पटला होता. तिसरा चालवून घेतला जायचा. पहिल्याबद्दल मात्र गावात मामांच्या डोक्याविषयी बोललं जाई.

सगळ्यात जास्त नवल तात्यांना वाटायचं. तात्या फासेपारधी. त्यांचं पाल माळाच्या पलीकडच्या अंगाला. त्यांच्याकडं बंदूक नव्हती, काडतूस नव्हतं आणि साहेब तर नव्हताच. होते ते फासे. बारीक वळलेल्या दोऱ्यांची सरकफासाची वेटोळी, खुंट्यांना बांधलेली, सगळी मिळून काखेत मावतील एवढी. तित्तर उडत नाही, चालतं, या एका गोष्टीवर त्यांचं सगळं शास्त्र उभं होतं. दोन जाळ्यांमधली पाखरांची वाट हेरायची, तिच्यावर फाशांची ओळ मांडायची, लांबून वळसा घालून पाखरांच्या मागं यायचं आणि काही कामच नसल्यागत रमतगमत चालायचं. घाई केली की पाखरू उडतं. घाई नाही केली की ते आपल्या पायानं फाशात जातं. कधी तात्या तोंडानं नराचा आवाज काढायचे. आपल्या हद्दीत हा कोण आला म्हणून खरा नर तणतणत बाहेर यायचा. भांडकुदळ माणसाला घराबाहेर काढायला याहून जास्त काही लागत नाही हे मी पुढं नोकरीतही पाहिलं.

मामांचा नियम तात्यांनी माझ्यासमोर एकदा नीट समजून घेतला.

“पाटील, बसल्यालं मारायचं न्हाई. मंग ते बसलंय तवर आपुन काय करायचं?”

“उडवायचं.”

“आन् मंग?”

“मग मारायचं.”

तात्यांनी बराच वेळ विचार केला. “साहेबाला पोटापाण्याचं दुसरं काम असंल,” ते म्हणाले.

इथं एक गोष्ट सांगून टाकतो, ती हसण्याची नाही. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून काही जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली. पुढं त्या यादीत पारधीही आले. १९५२ साली तो कायदा देशातून गेला, गावातून गेला नाही. कुणाची कोंबडी हरवली तरी पोलीस पाटील आधी तात्यांच्या पालावर जाऊन यायचे, मग कोंबडी स्वतःच्याच कणगीमागे अंड्यावर बसलेली सापडायची. आमच्या हातात बंदूक होती म्हणून आम्ही शिकारी. तात्यांच्या हातात दोरा होता म्हणून ते संशयित. सोळाव्या वर्षी मला यात काही वावगं दिसलं नव्हतं, कारण बंदूक माझ्या हातात होती.

आमचं पथक असं: मामा, तात्या, मी, दहा वर्षांचा मामेभाऊ हाकाऱ्याला, आणि सरदार. सरदार हा कारवानी कुत्रा, पोट पाठीला लागलेला, पाय संपता संपत नाहीत असा. सशामागं लागला तर धुळीशिवाय काही दिसायचं नाही. पाखरू हा प्रकार मात्र त्याला कमीपणाचा वाटे. तित्तर उठलं की तो आमच्याकडं वळून बघायचा, आणि त्या बघण्यात, याच्यासाठी मला थंडीचं उठवलंत का, हे स्वच्छ लिहिलेलं असायचं.

पहिले काही दिवस मी बोरी झोडपल्या. पाखरू उठायचं, मी दचकायचो, दचकून सावरेपर्यंत ते उतरायच्या बेतात असायचं, आणि मग माझा बार जायचा. दस्ता खांद्यात रुतवून धरला नाही तर बंदूक लाथ घालते. ती मी आधी खांद्यावर, मग दंडावर, एकदा तर गालावर खाल्ली. बोरं पिकायला आली होती. प्रत्येक बाराला जाळीतून टपाटप पडायची आणि मामेभाऊ खिसे भरून घ्यायचा. ‘दादा, उद्या त्या बांधावरच्या बोरीवर टाक, ती गोड हाय,’ असंही त्यानं सुचवून पाहिलं. मामी रोज संध्याकाळी रिकाम्या नळ्या हातात घेऊन बघायची आणि एवढ्या पैशांत केवढा गावठी कोंबडा आला असता ते हातानं दाखवायची. कोंबडा रोज थोडा मोठा होत गेला.

आणि मग तो रविवार.

उन्हं नुकतीच माळावर आली होती. गवत दवानं ओलं, कुसळं धोतरात आणि पायजम्यात पक्की बसलेली. ओढ्याच्या काठानं बोरीची एक लांबलचक जाळी होती. तात्यांनी बोट वर केलं, म्हणजे सगळे थांबले. सरदार तेवढा थांबला नाही. त्याच्या पंजात कुसळ घुसलं होतं. ते काढायला त्यानं निवांत जागा शोधली ती नेमकी जाळीच्या तोंडाशी, आणि तो तिथं बसायला आणि आतलं सगळं कुटुंब उठायला एकच गाठ पडली. फर्रर्र, फर्रर्र, फर्रर्र, चहूबाजूंना. आजवर मी सगळ्या पाखरांवर एकदम नेम धरायचो. त्या दिवशी एकच धरलं. डावीकडं, ओढ्यावरून पलीकडं निघालेलं. नळी त्याच्या मागून आली, त्याला गाठून पुढं गेली, आणि मी घोडा दाबला. लाथ बसली ती कळलीच नाही. पाखरू हवेतून खाली गेलं आणि त्याच्या जागी चार पिसं उरली.

“बोरं न्हाई पडली!” मामेभाऊ ओरडला.

शिकारीच्या गोष्टी सांगणारे लोक इथं थांबतात. खरा ताप इथून पुढं सुरू होतो. तित्तराच्या अंगावर राखी-बदामी रंगात अशा बारीक आडव्या रेघा असतात की वाळल्या गवतात तो पडला की गवतच होऊन जातो. मी ओढा ओलांडून पळत गेलो. तिथं गवत होतं. सगळीकडं गवतच होतं. आम्ही वाकून शोधलं, बसून शोधलं, काठीनं उलथून शोधलं. मामा नियम क्रमांक तीन सांगून बांधावर बिडी ओढत बसले. मला माझ्याच शब्दावर शंका यायला लागली. ऊन तापलं. सरदारनं पंजातलं कुसळ काढलं आणि तो झोपला.

शेवटी तात्या उठले. “बार टाकला तितं जा,” म्हणाले. मी ओढ्याअलीकडं जाऊन उभा राहिलो. “बंदूक धर तशी.” रिकामी बंदूक मी तशी धरली. त्यांनी नळीच्या रेषेत पलीकडं डोळा लावला, एका हिवराचा शेंडा खुणेला धरला आणि सरळ चालत गेले. मधे एकदा वाकले, चिमटीत पीस धरून फुंकर मारली, ते कुठं जातंय ते पाहिलं, आणि तिथून दोन पावलांवर तरवडाच्या बुडाशी हात घातला. पाखरू तिथं होतं. आम्ही त्याच्या दोन्ही बाजूंनी तासभर फिरत होतो.

पायामागं काटा, म्हणजे नर. गळ्याशी पिवळट रंग आणि त्याच्याभोवती काळी बारीक रेघ. वजन फार तर पाव किलोच्या थोडं वर. हातात घेतलं तेव्हा अंग अजून कोमट होतं, आणि मला वाटलं होतं त्याहून आनंद जरा कमीच झाला. पण मामेभाऊ तोवर गावाच्या दिशेनं ओरडत सुटला होता. आता आनंद मानण्यावाचून इलाज नव्हता.

घराच्या उंबऱ्यावर आजी बसली होती. आजी माळकरी. तिच्या गळ्यात तुळशीची माळ पडल्याला जमाना झाला होता. ती मटण-मासा शिवत नसे, पण घरातल्या बाकी सगळ्यांनी तो कधी शिवायचा याचं पंचांग तिच्या डोक्यात असे. मी पाखरू पाठीमागून पुढं आणलं.

“आज काय हाय?” आजी म्हणाली.

“तित्तर, आज्जी!”

“त्ये दिसतंय. आज हाय काय?”

“रविवार.”

“संकष्टी हाय,” आजी म्हणाली आणि वाती वळायला लागली.

शिकारीच्या बाबतीत मराठी माणसाचा खरा शत्रू पाखरू नाही, वार आहे. सोमवार महादेवाचा, आणि ज्यांच्या दारातून शिंगणापूरचा डोंगर दिसतो त्यांना तो चुकवता येत नाही. मंगळवारी मामी देवीचा धरायची. गुरुवार दत्ताचा, तो मामांचा. शनिवार मारुतीचा, तो पैलवानकीच्या दिवसांपासून धाकट्या मामांचा. बुधवार, शुक्रवार आणि रविवार मोकळे, पण त्यांच्यावर एकादशी, संकष्टी, पौर्णिमा आणि अमावास्या कधी येऊन बसतील सांगता येत नाही. श्रावण तर अख्खाच जातो. एवढ्यातून सहीसलामत सुटून ज्या दिवशी घरात मटण शिजतं, तो दिवस सण का मानत नाहीत कळत नाही.

मी अपील केलं. संध्याकाळी जोशीकाका पारावर दिसले, त्यांना गाठलं. संकष्टी चंद्रोदयाला सुटते, मग चंद्र उगवल्यावर तित्तर चालेल का? काकांनी दाते पंचांग उघडलं. चंद्रोदय नवाच्या पुढं. उपास सुटेल, म्हणाले, पण मोदकानं सुटेल, मांसानं नव्हे. मग पाखरू कुठलं ते त्यांनी विचारलं आणि तित्तर म्हटल्यावर पंचांग मिटून मला समोर बसवलं. याज्ञवल्क्यावर त्याचे गुरू वैशंपायन रागावले आणि माझी विद्या परत दे म्हणाले. त्यानं ती ओकून टाकली. तेव्हा बाकीच्या शिष्यांनी तित्तर पक्ष्यांची रूपं घेऊन ती टिपली, आणि तीच यजुर्वेदाची तैत्तिरीय शाखा. “तेव्हा तू कशावर बार टाकलास याचा विचार कर,” काका म्हणाले. मी म्हटलं, माझ्या पाखराच्या पोटात शाळूच निघाला. काका म्हणाले, कलियुगात तेवढाच निघायचा.

रविवार गेला. सोमवार महादेवाचा. फ्रीज नावाची वस्तू आमच्यापैकी कुणी पाहिली नव्हती. पाखरू टाकून द्यावं असं मामी म्हणाली तेव्हा मामांच्या डोळ्यांत बेळगाव चमकलं.

“टाकायचं कशाला? साहेब लोक तित्तर मारल्या मारल्या कधीच खात न्हवते. दोन-दोन, तीन-तीन दिवस टांगून ठेवायचे. मऊ होतं, चव उतरते.”

“सडतं,” मामी म्हणाली.

“त्यालाच ते चव म्हणतात.”

धर्म आणि साहेब यांचं असं एकमत झाल्यावर कुणाचं काही चालेना. तात्यांनी पोट साफ करून आत मीठ-हळद चोळून दिली, पिसं तशीच ठेवली, आणि माझं तित्तर गोठ्यात आढ्याला उलटं टांगलं गेलं. मुंग्या उतरू नयेत म्हणून दोरीला रॉकेलचं फडकं बांधलं. गावात दोन मांजरं अशी होती की ज्यांना आजवर कुठल्याही शिंक्याची उंची आडवी आली नव्हती, म्हणून राखणीला मला गोठ्यात झोपवलं. बाळंतिणीच्या खोलीत डोकावून जावं तशी माणसं येऊन बघून जात होती. कंदील वर धरून विचारायची, एकाच काडतुसात का, उडतं का बसलेलं, आणि एवढंसंच का. शेवटचा प्रश्न सगळे विचारत. म्हैस रात्रभर माझ्या पांघरुणाचं टोक चघळत होती. सरदार दारात बसून वर बघत होता. पाखरू मेल्यावर त्याचा कमीपणा बहुधा जात असावा.

सोमवारी दुपारी ऊन चढलं तसा मामींचा शब्द मामांच्या शब्दापेक्षा खरा ठरायची लक्षणं दिसू लागली. बुधवार गाठता येणार नव्हता. मंगळवार मामींचा. मामांनी रात्री तिच्यासमोर मांडणी केली: देवीला बोकड चालतो. चालतो ना? मग ज्या देवीला अख्खा बोकड चालतो तिला पाव किलोचं तित्तर का चालू नये? मामी म्हणाली, मी खाणार नाही, माझ्या चुलीवर चढणार नाही, भांडं माझं लागणार नाही. वाटण तेवढं करून देईन. यालाच आमच्याकडं परवानगी म्हणतात.

मंगळवारी संध्याकाळी गोठ्यामागं तीन दगडांची चूल मांडली. मटणाचं पातेलं वेगळं असतं, ते कडब्याच्या गंजीमागून काढलं. तोवर पाखरू एक आणि माणसं अंगणभर असा हिशेब झाला होता, कारण आल्या माणसाला ‘जेवूनच जा’ म्हणायची मामांना खोड, आणि वर पोलीस पाटील सहज म्हणून येऊन बसले होते. रश्श्यात पाणी किती घालता येईल यावर बोलणं चाललेलं असताना तात्या आले. काखेतल्या पिशवीतून त्यांनी तीन तित्तरं काढून दगडावर ठेवली. सकाळीच फाशात घावली होती. ना आवाज, ना काडतूस, ना गालाला लाथ. “भाच्याच्या पाखराला सोबत,” एवढंच म्हणाले.

खोबरं आणि कांदा निखाऱ्यावर भाजून, लसूण-आलं, तीळ आणि घरचं तिखट घालून मामींनी जे वाटण दिलं होतं, त्याच्या वासानं जोशीकाकांच्या घराची खिडकी आधी उघडली आणि मग मोठ्यानं बंद झाली. पण चारही पाखरं पातेल्यात एकत्र गेल्यावर माझ्या लक्षात आलं की आता माझं कुठलं हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. मामा म्हणाले, सोपं आहे. ज्याच्या दाताखाली छर्रा येईल, त्याच्या पानात भाच्याचं तित्तर.

मग वाटे पडले. बंदुकीचा वाटा मामांचा, नेमाचा माझा, फाशांचा तात्यांचा, हाकाऱ्याचा मामेभावाचा, हाडं सरदारची, उरलं ते पाहुण्यांचं. मामेभाऊ पान पुढं ओढून बसला होता, तुकडा पडणार एवढ्यात मामी आतून म्हणाली, “त्याला नगं. त्यानं मंगळवार धरलाय.”

सगळे त्याच्याकडं बघायला लागले. पोरानं सहामाहीच्या वेळी गणितात पास कर, मंगळवार धरीन, असं देवीला बोलून ठेवलं होतं. त्याचं म्हणणं, आपण पास झालोच नव्हतो, गुरुजींनी मार्क वाढवून दिले, तेव्हा देवीचा त्यात हात नाही. मामी म्हणाली, गुरुजींना बुद्धी कुणी दिली? अंगणातल्या एकाही मोठ्या माणसाला याचं उत्तर देता आलं नाही, आणि प्रत्येकाच्या पानात त्यामुळं पळीभर रस्सा वाढला. पोराला पिठलं-भाकरी मिळाली. ती त्यानं आमच्याकडं तोंड करून, प्रत्येक घास मोजून खाल्ली.

बाकी सगळे जपून चावत होते. एरवी मटणात खडा लागला तर बाईमाणसाचा उद्धार करणारी माणसं त्या रात्री खडा लागावा म्हणून वाट बघत होती. पहिला ‘कट्’ आवाज मामांच्या तोंडातून आला. त्यांनी छर्रा तळहातावर घेऊन कंदिलापाशी नेला आणि सर्वांना दाखवला. दुसरा धाकट्या मामांना लागला. मला काही लागला नाही. मी दोनदा चावून बघितलं, हाडाचा चुरा निघाला, पण शिसं नाही. पोलीस पाटलांनाही लागला नाही, तरी त्यांनी बोटं चाटत जाहीर केलं की भाच्याच्या हाताला चव आहे. त्यांच्या पानात होतं ते तात्यांचं पाखरू. तात्या कडेला बसून जेवत होते. त्यांनी मान वर केली नाही, पण खांदे हलताना मी पाहिले.

पुढं १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. त्यातही आधी छोट्या शिकारीचे परवाने निघायचे, १९९१ च्या दुरुस्तीनं तेही गेले, आणि ते बरंच झालं असं माझं मत आहे. ते मत मामांच्या हयातीत मी त्यांच्यासमोर मांडलं नाही. बहात्तरच्या दुष्काळात माळ उघडा-बोडका झाला तेव्हाच त्यांनी बंदूक काढून टाकली होती. आता त्या माळाच्या बांधावर माझं थोडं रान आहे. तित्तरांची पलटण सकाळी रांगेनं येते आणि पेरलेलं टोकरून खाते. कायदा त्यांच्या बाजूनं असल्याचं त्यांना कुणीतरी सांगितलेलं असावं, कारण मी ‘हाऽऽ हो’ म्हणून ओरडलो तरी ती उडत नाहीत. नुसती चालायला लागतात.

मामेभाऊ साखर कारखान्यातून निवृत्त झाला. पंचावन्न वर्षं होत आली, पण लग्नात, बारशात, एकदा तर दहाव्याच्या घाटावर त्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं आहे, “दादा, माझा वाटा अजून येणं हाय.” मागच्या वर्षी मी ठरवलं की हे मिटवायचं. म्हसवडच्या रस्त्याला एका हॉटेलात घेऊन गेलो आणि त्याच्यासाठी मसाला बटेर मागवला. बटेर म्हणजे पोल्ट्रीतला जपानी लावा, तित्तराच्याच कुळातला आणि कायद्यात बसणारा. प्लेट आली, वार शुक्रवार, तिथी विचारून घेतलेली. त्यानं सदऱ्याचं वरचं बटण काढलं. आत तुळशीची माळ.

“कधी घातलीस?”

“आषाढीला.”

“मग झालं की. मिटलं आपलं.”

“मिटतंय कसं? मला चालत न्हाई म्हणून येणं बुडतंय व्हय?” त्यानं प्लेट माझ्याकडं सरकवली आणि वेटरला हाक मारली. “गोडात वळतं करून घेतो.”

बासुंदीच्या दोन वाट्या आल्या. मला मधुमेह आहे हे त्याला ठाऊक आहे.